हिव, झड आणि बंद वाट

सप्टेंबर २०१९ मधील एक शनिवार-रविवार आम्ही भामरागडला घालवणार होतो. आम्ही म्हणजे मराठी शिकवणारे तिघे जण. गणपतीचे दिवस होते, महाविद्यालयाला सुटी होती, आणि निमित्तही तसे वाङ्मयीनच होते. आमचा एक जुना विद्यार्थी भामरागडच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेले पावसाचे, रानभाज्यांचे आणि वाटांचे माडिया शब्द त्याने दोन वह्यांत टिपून ठेवले होते, आणि 'सर, एकदा येऊन पाहून जा' असे त्याचे तीन वर्षांचे बोलावणे होते. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि तिथून पुढे ६५ किलोमीटरच्या आसपासची जंगलातली वाट, असा बेत ठरला. जीपवाल्याला आगाऊ रक्कम दिली. शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला. "सर, पर्लकोटाच्या पुलावरून पानी चालू हाय. आलापल्लीपर्यंत नेतो म्हना, पुढं का करता?"

त्या वर्षीच्या पावसाळ्यात भामरागडची वाट एकदा नव्हे, अनेकदा तुटली. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले ते गाव. इंद्रावतीला पूर आला की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे वाव उरत नाही, ते मागे फुगते, पूल बुडतो आणि मग बाजारपेठेत शिरते. त्या दोन दिवसांत तर गावाचा मोठा भाग पाण्याखाली होता. विद्यार्थ्याचा भ्रमणध्वनी लागत नव्हता. आम्ही शनिवारी सकाळी भरलेल्या पिशव्या रिकाम्या केल्या आणि आमच्यापैकी एकाच्या घरी, चंद्रपुरात, दोन दिवस बसून राहिलो. बाहेर झड लागलेली. समोर चहा, १९०९ सालचे चांदा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर आणि मनात त्या फोनची रुखरुख. प्रस्तुत टिपण त्या दोन दिवसांतल्या बोलण्यातून उगवले आहे. त्यात थोडे पाल्हाळ आढळले तर दोष पावसाला द्यावा.

बोलण्याची सुरुवात आमच्यातल्या एकाने केली ती बर्फापासून. इंग्रजी आणि रशियन साहित्यात बाहेर हिमवर्षाव सुरू होतो, रस्ते बंद होतात, प्रवास रद्द होतो आणि मग शेकोटीपुढच्या खोलीत गोष्ट घडू लागते. ही योजना वाचून वाचून आपल्याही अंगवळणी पडली आहे. मे महिन्यात ४७ अंश सोसणाऱ्या चंद्रपुरातल्या मुलांना 'हिवाळ्यातील एक दिवस' असा निबंध घातला, तर दोन-तीन वह्यांत तरी धुके आणि पांढरी शाल पांघरलेली धरणी निघतेच. या मुलांच्या आजीने पाहिलेला एकमेव 'स्नो' म्हणजे आरशापुढच्या फडताळातली अफगाण स्नोची बाटली. १९१९ साली निघालेले हे प्रसाधन इतके घरोघरी गेले की 'स्नो-पावडर' हा जोडशब्दच मराठीत रूढ झाला, आणि लग्नाच्या रुखवतात बर्फ तोंडाला लावण्याच्या रूपाने येऊन बसला.

पण चेष्टा बाजूला ठेवली तर बर्फ आपल्या भाषेत अगदीच उपरा नाही. उन्हाळा म्हणजे उष्णकाल, पावसाळा म्हणजे प्रावृष्काल, तसा हिवाळा म्हणजे हिमकाल. 'हिम'मधला 'म' प्राकृतातून येताना मऊ झाला, 'हिंव' झाला, पुढे अनुस्वारही गळून 'हिव' उरला. 'हेमंत' हा ऋतूही त्याच कुळातला. ज्या लोकांनी उत्तरेकडचे बर्फ पाहिले होते त्यांचा शब्द दक्षिणेत आला. शब्द आला, बर्फ मागे राहिले. इथे त्याच्या वाट्याला नुसती थंडी आली. झाडीतल्या माणसाला 'हिव लागते', 'हिव भरते'. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा लोकांनी कोंड्यातून हा शब्द पुन्हा बाहेर काढला. तरी त्याही दिवसांत एकही वाट बंद झाली नाही.

हा मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे हिवाळा हा घरात कोंडणारा ऋतू नाहीच. तो घराबाहेर काढणारा ऋतू आहे. धान कापून, चुरून झाले की झाडीपट्टी प्रवासाला निघते. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम चालतो. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात, रात्री उशिरा पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. एके काळी दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जोडी असे. अंगावर घोंगडे किंवा चादर घेऊन, लेकरू मांडीवर निजवून, उघड्या आभाळाखाली बसलेला तो प्रेक्षक ज्याने पाहिला आहे त्याला थंडी आणि एकांत यांचे नाते लावता येणार नाही. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कडाक्याच्या रात्री जागवणाऱ्या रंगभूमीसाठी. यात्रांचेही तसेच. वैनगंगेच्या उत्तरवाहिनी वळणावरील मार्कंड्याची यात्रा महाशिवरात्रीला भरते, चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रात. नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या आणि घरात नवे धान्य आलेले, अशा दिवसांत देवांनी आपल्या तिथ्या धरल्या आहेत. पंचांगाकडे श्रद्धेने पाहणारे त्यामागचे पौराणिक कारण सांगतील. आम्हांला त्यात नद्यांचे वेळापत्रक दिसते.

तेव्हा बर्फाने बंद होणाऱ्या वाटेला आमच्याकडचा प्रतिशब्द शोधायचा तर तो 'झड' होय. मुंबई-पुण्याकडच्या वाचकांनी हा शब्द 'सर' किंवा 'संततधार' यांच्या पंक्तीला बसवू नये. सर येते आणि जाते. झड 'लागते', जशी दृष्ट लागते, आग लागते. ती दोन दिवसांची असते, पाचाची असते, क्वचित आठवड्याची. तिच्यात गडगडाट नसतो, घाई नसते. आभाळ खाली येऊन कवेलूंवर बसते, चुलीचा धूर घराबाहेर जात नाही, धुतलेले कपडे वाळत नाहीत आणि नाल्यापलीकडचे गाव नाहीसे होते. झाडी आणि झड या शब्दांचे कूळ एक आहे असे आम्ही म्हणणार नाही. व्युत्पत्तीच्या वर्गात असला मोह विद्यार्थ्यांना टाळायला सांगतो, तेव्हा स्वतःही टाळावा. परंतु इथल्या माणसाच्या कानात ते दोन शब्द शेजारी राहत आले आहेत, एवढे खरे.

वाट बंद होण्याची ही कल्पना भारतीय साहित्याच्या अगदी पायात आहे, आणि तीही आमच्या शेजारीच. वा. वि. मिराशींनी ज्या रामटेकला कालिदासाची रामगिरी मानले, त्या टेकडीवर अडकलेल्या यक्षाची व्यथा मूलतः काय आहे? शाप आहे हे खरे, पण कवीने त्या शापातले शेवटचे चार महिनेच निवडले. आषाढात मेघ दिसतो आणि शाप सरणार तो विष्णू शेषशय्येवरून उठेल त्या दिवशी, म्हणजे कार्तिकातल्या एकादशीला. हा नेमका चातुर्मास आहे. जगातील सगळ्यांच्याच वाटा त्या चार महिन्यांत बंद असतात, म्हणून यक्षाचे दुःख वाचकाला परके वाटत नाही. आणि जमिनीवरची वाट बंद आहे म्हणून निरोप आभाळातून पाठवावा लागतो. गाथासप्तशतीतले पथिक आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बायका याच नियमाने बांधलेल्या आहेत. पाऊस पडण्यापूर्वी जो परतला नाही तो आता दिवाळीशिवाय परतत नाही, हे त्या प्राकृत गावांत सर्वांनाच ठाऊक असते. विरहाला मुदत असते, आणि ती मुदत ऋतू ठरवतो.

धर्मांनी तर या बंद वाटेची व्यवस्थाच लावली. भिक्षू पावसातही हिंडत राहिले तर कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांनी कुरकुर केली आणि बुद्धाने तीन महिन्यांचा वर्षावास घालून दिला, असे विनयपिटक सांगते. जैन साधूंचा चातुर्मास त्याच जातीचा. चंद्रपूरहून नागपूरकडे जाताना भद्रावतीला विजासनची लेणी आहेत. डोंगराच्या पोटात सरळ शिरणारी एक वाट आणि तिच्या शेवटी अंधारात बसलेला बुद्ध. आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांची सहल तिथे नेतो, आणि दरवर्षी ती हिवाळ्यात नेतो. खरे तर ही जागा पाहायची ती झडीतच. लेणे कोरणाऱ्याच्या मनात जो ऋतू होता तो आपण नेमका टाळतो. तिथून हाकेच्या अंतरावर जैनांचे मोठे तीर्थ आहे. पावसात थांबणाऱ्या दोन परंपरांनी या जिल्ह्यात एकच गाव निवडावे, हा योगायोग असला तरी मनात राहणारा आहे.

येथे कोणी वारीची आठवण देईल. वारकरी तर आषाढाच्या पावसातच चालतात! परंतु ती पालखी देव निजण्याच्या दिवशी पंढरीला पोहोचते. ती चातुर्मासातील यात्रा नसून चातुर्मासाच्या उंबरठ्यापर्यंतची यात्रा आहे. शिवाय तिची वाट पर्जन्यछायेतल्या माळरानातून जाते. वैनगंगेच्या खोऱ्यात, भाताच्या चिखलात, तशी वाट निघू शकली नसती. यापेक्षा मोठा आक्षेप आम्हांला वेगळाच वाटतो आणि तो आम्ही स्वतःवरच घेतो. आषाढ-श्रावणात इथे वाट बंद असते, पण माणूस घरात बसलेला नसतो. ते रोवणीचे दिवस. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचे ठिगळ घेऊन, बाया सकाळपासून अंधार पडेपर्यंत वाकलेल्या असतात. खिडकीपाशी बसून पाऊस पाहणे, हे ज्याचे शेत दुसरा कोणी रोवतो त्याचे काम. प्रवासाचा बेत फसला म्हणून सक्तीची विश्रांती लाभणे ही पगारी माणसाची गोष्ट आहे. मराठी ललित निबंधातला पाऊस बहुतांशी या खिडकीतूनच आला आहे. दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्रा'ला (१९५६) आम्ही यातून वगळतो, कारण त्यांची नजर झाडापानांवर अभ्यासकाच्या शिस्तीने खिळलेली आहे. असो.

राज्यकर्त्यांनाही ही बंद वाट मान्य करावी लागे. 'छावणी' या शब्दाचा आजचा अर्थ लष्करी तळ, पण त्याच्या पोटात 'छावणे' म्हणजे छप्पर घालणे आहे. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करत. इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला तो मे १८१८ मध्ये, पाऊस तोंडावर असताना. चाळीस वर्षांनी, मार्च १८५८ पासून बाबुराव शेडमाके यांनी याच मुलखात इंग्रजांशी झुंज मांडली. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि दोन इंग्रज मारले गेले. त्यानंतरचा सबंध पावसाळा शेडमाके सरकारच्या हाती लागले नाहीत. ते पकडले गेले सप्टेंबरात, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांद्याला फाशी देण्यात आले. त्यांच्या पकडले जाण्यात फितुरीचा वाटा होता हे प्रसिद्ध आहे. ऋतूचा वाटा किती हे कोणी मोजलेले नाही, पण तारखा एका ओळीत मांडल्या की झाडीतला पावसाळा कोणाच्या बाजूने उभा होता ते दिसते. बंद वाट म्हणजे हाल, असे आपण गृहीत धरतो. कोणासाठी बंद, हा प्रश्न विचारला की तीच वाट आसरा होते.

इंग्रजी अंमलात वर्षाचे दोन भाग अधिक स्पष्ट झाले. साहेब हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघे आणि पावसाळ्यात कचेरीत बसून अहवाल लिही. आपल्या जिल्ह्याविषयीचे एकोणिसाव्या शतकातले बहुतेक वर्णन या पद्धतीने तयार झाले आहे: पाहिले हिवाळ्यात, लिहिले पावसाळ्यात. त्यामुळे झाडीतला पावसाळा त्या कागदांत आतून आलेलाच नाही. समोरच्या १९०९ च्या गॅझेटियरची पाने उलटताना आम्हांला हे फार जाणवले. कोणत्याही काळी जिल्ह्याचा इतिहास लिहायचा तर त्यात वर्षाचा तिसरा हिस्सा गैरहजर आहे, हे लक्षात ठेवूनच लिहावा लागेल.

मात्र एक प्रकरण असे आहे की ज्यात सरकारला पावसाळाच हवा होता. ते गोदावरीच्या जलमार्गाचे. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलगाडीने मुंबईला नेण्यापेक्षा वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या पाण्यातून पूर्व किनाऱ्याला उतरवावा, ही कल्पना मद्रास इलाख्यातील पाटबंधारे गाजवणारे आर्थर कॉटन यांनी हिरिरीने मांडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापूस हवा झाला आणि या योजनेला जोर चढला. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दोन गोदावरीवर आणि तिसरा वर प्राणहितेवर. ते टाळण्यासाठी बंधारे, कालवे आणि जलद्वारे यांची कामे निघाली. १८६० साली निजामाकडून मिळालेल्या डाव्या तीरावरील तालुक्यांचा 'अपर गोदावरी' हा जिल्हा झाला आणि आज महाराष्ट्राच्या दक्षिणपूर्व टोकाला पडलेले सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे बनले. आज ज्या गावाला 'टोक' म्हणतात ते तेव्हा मध्यावर येऊ घातले होते. सिरोंचाजवळ ग्लासफोर्डपेठा नावाचे गाव आहे. त्या नावात तिथल्या ग्लासफर्ड नावाच्या डेप्युटी कमिशनरची आठवण मराठी-तेलुगू उच्चारांत घासून उरली आहे.

या योजनेतली गंमत, की शोकांतिका, ही की जमिनीवरच्या साऱ्या वाटा जेव्हा बंद होत तेव्हाच ही वाट उघडे. नावा चालण्याइतके पाणी नदीत असे ते पावसाळ्यात आणि त्यानंतरचे थोडे महिने. कापूस मात्र वेचून गाठोड्यांत येई तो हिवाळ्याच्या पुढे, नदी उतरू लागल्यावर. इकडे गोदावरीकाठचा ताप कुप्रसिद्ध. आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. रेल्वेला पावसाळा-हिवाळा सारखाच. १८७१ मध्ये जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले, १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याची एक तहसील झाली. एका ऋतूवर सर्वस्व लावणारी वाट बाराही महिने चालणाऱ्या वाटेपुढे हरली.

'बारमाही' हा शब्द आमच्या जिल्ह्यांत विसाव्या शतकात आला तो रस्त्याचे विशेषण होऊन. तोवर तो विहिरीला आणि ओढ्याला लागत असे. १९८२ च्या ऑगस्टात चांद्यापासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या मागण्यांत बारमाही रस्ता आणि बारमाही पूल सतत असत. त्याच्या नऊ वर्षे आधी, डिसेंबर १९७३ मध्ये, हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचे सुरुवातीचे पावसाळे कसे गेले हे 'प्रकाशवाटा' वाचणाऱ्यांना आठवत असेल. पाऊस लागला की महिनोन्‌महिने जगाशी संबंध तुटे. त्याच ठिकाणी राहून विलास मनोहरांनी 'नेगल' लिहिले. आमच्या मते मराठीत बंद वाटेच्या आतल्या बाजूने लिहिलेली ही पहिली काही पुस्तके. त्यात खिडकी नाही, कारण त्या घरांना पहिल्यांदा भिंतीच नव्हत्या म्हटल्या तरी चालतील.

रस्ता बारमाही झाला की तो बंद पडण्याचा अर्थ बदलतो. पूर्वी चार महिने वाट 'नसे'; आता दोन दिवस ती 'तुटते'. नसलेल्या वाटेसाठी माणूस उन्हाळ्यातच तयारी करी. मोहफुले वाळवून ठेवायची, कवेलू फेरून घ्यायची, सरपण आत भरायचे, मीठ आणि तेल आणून ठेवायचे. मग पावसात वास्ते आणि सात्या रानातून मिळतच. तुटणाऱ्या वाटेसाठी कोणी तयारी करत नाही, म्हणून आज तीन दिवसांची झडही आपत्ती ठरते. आम्ही हे म्हणत असताना आमच्यातल्याच एकाने हटकले, की हे ऐकायला बरे वाटते, पण ज्या घरातली बाई अडली आहे तिला विचारा. त्याचे म्हणणे बरोबर होते आणि जुन्या व्यवस्थेचे कौतुक तिथेच थांबले. वाट नसण्याची जी किंमत होती ती बहुधा बाळंतिणींनी आणि तान्ह्या मुलांनी मोजली, आणि तिची नोंद कोणत्याही ऋतुवर्णनात नाही.

शासनानेही ही गोष्ट आपल्या पद्धतीने ओळखली आहे. १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेत पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांना चार महिन्यांचे धान्य आधीच पोहोचवण्याची तरतूद आहे. कार्यालयीन भाषेत लिहिलेला हा चातुर्मासच. दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' आहे. दिवस भरत आलेल्या बाईने नाला चढण्याआधीच तिथे येऊन राहावे अशी योजना. ज्या अधिकाऱ्याला हे नाव सुचले त्याला भाषेची जाण होती. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या 'सर्च' या संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उलट टोकाकडून विचार केला. तान्हे मूल दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. अंतर आहे, पैसा नाही, ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायचे नाही ही रीत आहे, आणि पाऊस आहे. तेव्हा दवाखान्यानेच घरात जावे. ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून त्यांनी घरोघरी नवजात बालकांची देखभाल केली. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'ने तो निबंध छापला. बंद घराविषयी या जिल्ह्यात लिहिला गेलेला सर्वांत महत्त्वाचा मजकूर कोणता असे विचारले तर आम्ही, साहित्याचे अध्यापक असूनही, त्या निबंधाचे नाव घेऊ.

आता पुन्हा त्या 'हिम'कडे. झडीचे पाणी ओसरू लागते, डबकी राहतात, आणि मग झाडीत बर्फाचा तो जुना शब्द खऱ्या अर्थाने अंगावर येतो: हिवताप. हिव भरून येणारा ताप. महाराष्ट्रातील हिवतापाचे सर्वाधिक रुग्ण वर्षानुवर्षे गडचिरोलीत आढळत आले आहेत. रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात या रोगाचा जंतू पाहिला तो ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला, म्हणजे गोदावरी ओलांडून पलीकडे, आणि पावसाळ्यातच. उत्तरेकडून निघालेले हिम दक्षिणेत येता येता वितळले, असे आम्ही वर म्हटले ते अपुरे आहे. ते भर पावसाळ्यात, चार गोधड्या पांघरूनही दात वाजवणाऱ्या माणसाच्या अंगात टिकून राहिले. भामरागडकडच्या माणसाला कोणी विचारले की तुमच्याकडे बर्फाने घरात कोंडून पडायला होते का, तर भाषेच्या साक्षीने त्याला 'होय' म्हणता येईल.

सोमवारी आम्ही वर्गावर गेलो. बुधवारी त्या विद्यार्थ्याचा फोन आला. शाळेतली मुले सुखरूप होती, धान्य आधीच येऊन पडले होते. खोलीत मात्र मांडीपर्यंत पाणी आले होते. आम्ही दोन दिवस घरात कसे अडकून पडलो ते त्याला सांगू लागलो, तेव्हा तो हसला. "सर, तुमच्याकडं तर लाइट होती ना?"

जानेवारी २०२० मध्ये आम्ही गेलो. पर्लकोटेच्या पात्रात वाळू उघडी पडली होती आणि पुलावरून खाली पाहताना विश्वास बसत नव्हता. संध्याकाळी हिव लागले म्हणून शाळेच्या आवारात शेकोटी केली. त्याने दोन्ही वह्या आणल्या. वाटांची आणि रानभाज्यांची वही धड होती. पावसाची वही त्या पुरात भिजली होती. निळी शाई पसरून पहिल्या तीस-चाळीस पानांवर नुसते ढग उरले होते. ज्या म्हातारीने ते शब्द सांगितले होते तिच्याकडे आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ती उन्हात बसून मोहफुलांची टोपली विणत होती. विद्यार्थ्याने माडियात तिला आमची अडचण सांगितली. ती बराच वेळ हसली आणि काहीतरी बोलली. आम्ही त्याच्याकडे पाहिले.

"म्हणते, इतक्या उन्हात पावसाचे शब्द कुठून आठवायचे? झड लागेल तेव्हा या."